लातूरला पीएफ-पेन्शन सेवेचं कार्यालय काढतोय; कमिशनवर चालवू की फीवर?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी.

बी.कॉम. झाल्यापासून लातुरातच एका कर सल्लागारांकडं काम करतो. दोन डाळ मिल, एक तेल मिल, एक हॉस्पिटल आणि काही कोचिंग क्लासेस यांचे पीएफ-ईएसआयचे (भविष्य निधी आणि कामगार विम्याचे) महिन्याचे चलन माझ्याच हातून जातात. सरांच्या संमतीनं आता स्वतःचं कार्यालय काढतोय. गांधी चौकाजवळ गाळा बघून ठेवलाय.

नुसतं चलन भरून द्यायचं नाही, माणसाच्या म्हातारपणाच्या पैशाचं जे जे काम असतं ते सगळं करायचं, असा विचार आहे. पीएफचे क्लेम, ईपीएसची म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, कंपन्यांसाठी एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), ग्रॅच्युइटीची सोय, शिवाय शिक्षक, ग्रामसेवक, नर्स असे जे दर महिन्याला रिटायर होतात त्यांना मार्गदर्शन. आपल्याकडं हे काम विखुरलेलं आहे. चलन एकाकडं, एलआयसी दुसऱ्याकडं, पोस्टाचं तिसऱ्याकडं, आणि माणूस अडला की कुणाकडंच नाही.

अडचण पैशाची आहे. मालक लोक चलनाचे महिन्याला हजार-दीड हजार द्यायलाही घासाघीस करतात. ओळखीचे सगळे सांगायलेत की फी मागू नको, विमा आणि म्युच्युअल फंडाचं कमिशन घे, बाकीचं काम फुकट कर. मला ते पटत नाही, पण आकडे जुळत नाहीत. या धंद्यात मुरलेल्यांनी स्पष्ट सांगावं. बोर्डावर काय लिहावं तेही सांगा.

वाळूजकर

दादा, आधी मनापासून शुभेच्छा. मराठवाड्यात या कामाची फार गरज आहे.

आता मुद्द्याचं. चलन भरणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. ईसीआरची (महिन्याच्या पीएफ विवरणाची) फाईल सॉफ्टवेअरमधून निघते, उद्या मालकाचा अकाउंटंटच ती भरेल. तेवढ्यावर फी मागाल तर घासाघीस होणारच. किंमत आहे ती अडलेलं काम मोकळं करण्याला, आणि अडूच नये म्हणून आधी केलेल्या कामाला.

वाळूजच्या एका वर्कशॉपमधल्या कामगाराचं उदाहरण देतो. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, पीएफला आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब. जन्मतारीख टीसीवर १ जून, कारण आपल्या भागात गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या वर्गाची तीच तारीख लिहिली, आधारला दुसरीच. त्यात आधीच्या ठेकेदारानं नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, आणि नव्या ठेकेदारानं जुना यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक) न विचारता दुसरा काढला. या माणसाचे पैसे सुरक्षित आहेत, व्याजही लागतंय, पण लेकीच्या लग्नाला त्याच्या हातात रुपया येत नाही. क्लेम टाकला की रिजेक्ट, परत टाकला की परत रिजेक्ट, आणि कारण इंग्रजीत एका ओळीचं.

१ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवर काढलेला यूएएन असेल तर नाव-तारखेची बरीचशी दुरुस्ती कामगार आता स्वतःच करू शकतो. त्याआधीचा असेल तर मालकाची मान्यता लागते. म्हणजे जुनी, पंधरा-वीस वर्षं घासलेली माणसंच जास्त अडतात. तुमच्या डाळ मिलमधल्या बायकांचं आणखी वेगळं असतं. पीएफ माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, आणि नामांकनात वारलेल्या सासूचं नाव.

म्हणून मालकाशी करार कराल तेव्हा पहिल्याच तिमाहीत सगळ्या कामगारांच्या कागदांची झडती घ्या. एकेका माणसाचं आधार, पॅन, बँक, नाव, जन्मतारीख, वडील किंवा नवऱ्याचं नाव, ई-नॉमिनेशन, जुने यूएएन, मागच्या नोकरीची सोडल्याची तारीख. त्याचा तक्ता मालकाच्या टेबलावर ठेवा, कुणाचं काय चुकलंय ते लाल रंगात. या एका तक्त्यावर मला जितकी कामं मिळाली तितकी कुठल्या जाहिरातीवर मिळाली नाहीत.

फीचं म्हणाल तर मी महिन्याची किमान रक्कम ठरवतो आणि वीस कामगारांच्या पुढं माणशी थोडी थोडी वाढवतो. त्यात क्लेम, दुरुस्ती, नामांकन सगळं आलं. कामगाराकडून एक रुपया घ्यायचा नाही. काही जण क्लेमच्या रकमेवर टक्केवारी घेतात, ते तर कधीच करू नका. एकदा टक्केवारी घेतली की माणसानं पैसे काढावेत यातच तुमचं हित होऊन बसतं, आणि खरा सल्ला बऱ्याचदा पैसे काढू नका असाच असतो.

वर्षा_नांदेड

वाळूजकर दादांचा अनुभव मोठा आहे, पण कमिशनला इतकं वाईट ठरवू नये असं मला वाटतं. मी एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) घेऊन म्युच्युअल फंडाचं वितरण करते. गावोगावच्या अंगणवाडी ताई, बचत गटातल्या बायका माझ्या ग्राहक आहेत. त्यांच्याकडं सल्ल्याची फी मागितली तर त्या उंबऱ्यावरूनच परत जातील. महिना पाचशेची एसआयपी त्यांनी सुरू केली ती मी घरी जाऊन समजावलं म्हणून, आणि त्या जाण्या-येण्याचा खर्च कमिशनमधूनच निघतो. फी देऊ शकणाऱ्यांनाच सल्ला मिळावा असं झालं तर गरिबाकडं कोण बघणार?

बोर्डाबद्दल मात्र सावध करते. फंडाचे वितरक म्हणून काम करणार असाल तर बोर्डावर, कार्डावर स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवून घेऊ नका. सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) वेगळी नोंदणी लागते. वितरणासाठी एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) ५-अ परीक्षा आणि अ‍ॅम्फीचा (फंड कंपन्यांच्या संघटनेचा) एआरएन. निवृत्तीच्या सल्ल्यासाठी एनआयएसएमची १७ क्रमांकाची परीक्षा आहे, आणि पीएफआरडीएचे (पेन्शन नियामकाचे) निवृत्ती सल्लागारांसाठी २०१६ चे नियम आहेत. ती परीक्षा नोंदणीसाठी नाही तर निदान अभ्यास म्हणून तरी द्याच, चांगली आहे.

मांजराकाठ (लातूर)

वर्षाताई, तुमचं म्हणणं पटलं. पण एनपीएसमध्ये तरी कमिशनवर पोट भरेल का? बँकेच्या माणसानं सांगितलं की कंपनीचे शंभर कामगार आणा, बघा कसं होतं.

वर्षा_नांदेड

एनपीएसवर पोट भरणार नाही, हे मी आधीच सांगते. २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे पीओपीला (एनपीएसची खाती काढणाऱ्या बँकेला किंवा संस्थेला) नोंदणीचे २०० ते ४०० रुपये आणि वर्गणीवर जास्तीत जास्त अर्धा टक्का, किमान ३० रुपये, वर जीएसटी. आपण पीओपी नसतो, त्यांच्या हाताखाली काम करतो, त्यामुळं त्यातलाही वाटाच हातात येतो.

आणि यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. कामगारानं महिन्याला १००० रुपये भरले तर अर्धा टक्का म्हणजे ५ रुपये होतात, पण किमान ३० आहे. म्हणजे त्याचे ३ टक्के दारातच गेले. तेच त्यानं तीन महिन्यांचे ३००० एकदम भरले तर १ टक्का, आणि सहा महिन्यांचे ६००० भरले तर बरोबर अर्धा टक्का. तीस वर्षांत हा फरक लहान राहत नाही. छोट्या वर्गणीवाल्यांना तिमाही किंवा सहामाही भरायला सांगा. तुमचं थोडं कमी होईल, त्याचं वाचेल.

महिन्याला पाचशे-सातशेच भरू शकणारा, चाळिशीच्या आतला आणि आयकर न भरणारा माणूस असेल तर त्याला आधी अटल पेन्शन दाखवा. तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्या माणसाला ५००० रुपये पेन्शनसाठी महिना ५७७ भरावे लागतात. हमी सरकारची, आणि नवरा-बायको दोघांनी घेतलं तर घरात १०,००० येतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला यात नव्यानं जाता येत नाही, तेवढं विचारून घ्यायचं.

वाळूजकर

ताई, तीस रुपयांचा हिशोब फार कामाचा सांगितलात. मीही आता माझ्या दोन युनिटमध्ये तिमाहीचं करून घेतो.

गरीब ग्राहकाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण दादाचा ग्राहक कामगार नाही, मालक आहे. मालक फी देऊ शकतो, आणि त्याच्या फीतून शंभर कामगारांचं काम फुकट होतं. गरिबापर्यंत पोचायचा हाही रस्ता आहे.

निवृत्त_कोषागार (परभणी)

मी कोषागारात आयुष्य काढले. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही सरकारी निवृत्तांबद्दल.

पहिली. या लोकांचे काम निवृत्तीच्या दिवशी सुरू होत नाही. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत कार्यालयाने दोन वर्षे आधी कागदपत्रांची तयारी सुरू करावी असे म्हटले आहे. प्रत्यक्षात सेवापुस्तक उघडले जाते ते शेवटच्या काही महिन्यांत, आणि मग कळते की एका वेतन आयोगाची वेतननिश्चिती पडताळलेलीच नाही, मधल्या एका बदलीची नोंद नाही, रजेचा हिशोब अपुरा आहे. मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांचे प्रकरण नागपूरच्या महालेखापालांकडे जाते. तिथून आक्षेप लागून परत आले की माणूस महिनोन्महिने लटकतो. घरात मुलीचे शिक्षण, कर्ज, आणि पगार बंद. तुम्ही छपन्नाव्या वर्षीच माणसाला गाठून सेवापुस्तकाची प्रत पान-पान तपासून द्याल, तर ही सेवा लोक आनंदाने पैसे देऊन घेतील. यात कुठलेही उत्पादन विकायचे नाही. अनुभवी निवृत्त लिपिकाला अर्धवेळ सोबत घ्या. आमच्यासारखी माणसे प्रत्येक जिल्ह्यात रिकामी बसली आहेत.

दुसरी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना. सध्या व्याज ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. पूर्ण ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. पण आपल्या राज्यातले बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि लोक समजतात की साठ झाल्याशिवाय हे खाते निघत नाही. तसे नाही. ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या रकमेपुरते खाते काढता येते. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवली. हे तीन महिने गेले की साठीपर्यंत थांबावे लागते.

आता प्रश्न असा की हे कुणी का सांगत नाही? कारण या योजनेवर एजंटाला कमिशन नाही, डिसेंबर २०११ पासून बंद आहे. निरोप समारंभाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसलेले लोक मी पाहिले आहेत. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेण्याची) रक्कम किती येणार हे त्यांना त्या माणसाच्या बायकोच्याही आधी माहीत असते. पंधरा वर्षे अडकणारी पॉलिसी अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ्यात मारतात. म्हणून मांजराकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर : सरकारी निवृत्तांसाठी फक्त फी. तुमचे पोट कमिशनवर असेल तर बचत योजनेचे नाव तुमच्या तोंडून निघायला जड जाईल.

वर्षा_नांदेड

सर, हे वाचून गप्पच झाले. तुम्ही म्हणता ते खरं आहे. निवृत्तीचे पैसे आलेल्या माणसाला मी आधी पोस्टात पाठवते आणि मगच उरलेल्याचं बघते, पण सगळे असं करत नाहीत हे मान्य.

गेवराईकर

आमच्या बीड जिल्ह्यातलं लिहितो, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या काही वर्षांत इकडं मल्टिस्टेट (अनेक राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्था कशा बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. माझे काका माध्यमिक शाळेतून रिटायर झाले. उपदान, रजेचे पैसे, अंशराशीकरण, सगळं एका पतसंस्थेत ठेवलं. बँकेपेक्षा व्याज बरंच जास्त होतं, आणि पैसे घ्यायला येणारा पोरगा काकांचाच विद्यार्थी. त्या पोराचीही चूक नव्हती हो. त्याच्या घरच्यांचेही पैसे त्यातच होते. आज तो गावात तोंड दाखवत नाही, आणि काका पावतीची फाईल घेऊन तारखांना जातात. त्यांची पेन्शन चालू आहे म्हणून घर चाललंय.

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला ते नाही, मग ती मल्टिस्टेट असो की तालुक्याची. हे किती लोकांना माहीत आहे? तुम्ही कार्यालय काढाल तेव्हा तुमच्याकडंही येतील, आमच्या ठेवी गोळा करून द्या, दोन टक्के तुम्हाला म्हणतील. दारातूनच परत पाठवा. आणि कुणाचेही पैसे, अगदी एनपीएसचे शंभर रुपयेसुद्धा, स्वतःच्या खात्यात किंवा रोख घेऊ नका. चेक असेल तर संस्थेच्या नावानं, ऑनलाईन असेल तर त्याच्याच मोबाईलवरून. बोर्डावर काय लिहू म्हणालात ना, तेच मोठ्या अक्षरात लिहा : इथे ठेवी स्वीकारल्या जात नाहीत, रोख घेतली जात नाही.

मांजराकाठ (लातूर)

गेवराईकर दादा, काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. ती ओळ बोर्डावर नक्की लिहितो.

रीरोलिंग_जालना

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे फी देणारा. जालन्याला छोटी रीरोलिंग (लोखंडाची) मिल आहे. भट्टीवर बिहार-यूपीची पोरं जास्त, लोडिंगला आसपासच्या गावची. मालकाला काय पाहिजे ते सांगतो.

मला स्वस्तातला माणूस नको आहे. मला नोटीस आल्यावर फोन उचलणारा माणूस पाहिजे. आधीचा सल्लागार महिन्याला फार थोडे घ्यायचा. चलन वेळेवर जायचं, पण एका वर्षी काही महिने बँकेच्या गडबडीत उशीर झाला आणि नंतर व्याज आणि दंडाची नोटीस आली, तेव्हा साहेब गावाला. चलनाची पंधरा तारीख चुकली तर काय काय होतं हे मला तोपर्यंत कुणी बसून सांगितलंच नव्हतं.

गेटवर पोरं अडवून विचारतात, शेठ माझा पीएफ कुठं आहे? मला उत्तर देता येत नाही, आणि त्यांना वाटतं मी खाल्ला. महिन्यातून एक दिवस तुमचा माणूस माझ्या गेटवर टेबल टाकून बसेल का? हिंदीत बोलेल का? तसा कुणी मिळाला तर मी आत्ता देतोय त्याच्या तिप्पट देईन, आणि उपकार समजेन.

आणि ग्रॅच्युइटीचं. वीस वर्षं काम केलेला फोरमन निघाला, त्याचा मूळ पगार १८,०००. हिशोब केला तर २,०७,००० च्या पुढं. एका महिन्यात एवढे काढायचे म्हणजे लोखंडाच्या मंदीत जीव जातो. याची तयारी दरवर्षी थोडी थोडी करता येते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सीए_संभाजीनगर

जालनाकरांच्या पोस्टमध्येच धंदा आहे, तो उचला.

पंधरा तारखेबद्दल : कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नाही तर मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांसाठी तो मालकाच्या उत्पन्नात धरला जायचा आणि नंतर भरला तरी त्याची वजावट मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात हे पक्कं केलं होतं. म्हणजे व्याज, दंड आणि त्या वर्षांसाठी वर आयकर, असा तिहेरी फटका. हे एका पानावर मालकाला दाखवलं की तुमची वर्षाची फी त्याला लहान वाटते.

ग्रॅच्युइटी : पंधरा भागिले सव्वीस, गुणिले शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले वर्षं. नुसती वहीत तरतूद करून करात वजावट मिळत नाही; मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडात भरली तर मिळते. ट्रस्ट करून एलआयसीची किंवा दुसऱ्या विमा कंपनीची समूह योजना घेता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, आणि मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवायची जुनी पद्धत चालत नाही, कारण भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरला जातो. आपल्या भागातल्या बहुतेक युनिटचे पगारपत्रक यामुळं पुन्हा मांडावं लागणार आहे. हे काम आत्ता आहे.

एनपीएस विकताना : मालकानं मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या करप्रणालीतही कर्मचाऱ्याला वजा मिळते. लातूरच्या क्लासेसमधले चांगल्या पगाराचे प्राध्यापक यात खरे ग्राहक आहेत, डाळ मिलचा हमाल नाही. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळं माहितीपत्रकावर जुनी कलमं छापू नका. एनपीएसमधून बाहेर पडायचे नियमही डिसेंबर २०२५ मध्ये बदललेत, खासगी सभासदाला आता वार्षिकीत (आयुष्यभर पेन्शन देणाऱ्या योजनेत) कमी रक्कम गुंतवावी लागते. तेही नवं वाचूनच बोला.

उदगीरचा_पोरगा

मी पुण्याला, मग वाळूजला, आता परत गावाकडं. तीन कंपन्या झाल्या. प्रत्येक वेळी नोकरी सुटली की सगळे पैसे काढले, पेन्शनचे पण. आमच्या सगळ्या मित्रांनी तेच केलं. त्यात काही चुकतं का?

वाळूजकर

भाऊ, बरं झालं विचारलंत. दादा, तुम्हीही हे नीट वाचा, कारण आपल्या भागातल्या पोरांचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं.

मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, १५,००० च्या पगारापर्यंत. पेन्शन मिळायला एकूण १० वर्षांची सेवा लागते. ती एकाच कंपनीत लागत नाही, जोडून धरतात. तुम्ही १०-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले की तेवढी वर्षं पुसली. तीन वर्षं इथं, चार तिथं, तीन आणखी कुठं अशी दहा होऊ शकली असती, ती तिन्ही वेळा शून्य झाली. पैसे काढण्याऐवजी त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र (झालेल्या सेवेचा दाखला) मागता येतं. आणि नव्या कंपनीत तोच यूएएन दिला, जुनं खातं वर्ग करून घेतलं की सेवा पुढं चालू राहते. यापुढं निदान हे करा.

पेन्शन किती येते तेही खरं सांगितलं पाहिजे. १५,००० गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. १५ वर्षांची सेवा असेल तर ३२१४ रुपये महिना. वीस किंवा जास्त वर्षं भरली तर दोन वर्षं वाढवून मिळतात. या रकमेत घर चालत नाही, पण मरेपर्यंत येते, मागं बायकोला येते. हा आकडा कामगाराला कागदावर मांडून दाखवला की तो स्वतःच विचारतो, मग बाकीचं काय करावं? त्यानंतर अटल पेन्शन म्हणा, एनपीएस म्हणा, ऐकायची त्याची तयारी असते.

साखर कारखान्यांच्या हंगामी कामगारांचं खास सांगतो. तुमच्या लातूर-धाराशिवकडं हे फार आहेत. हंगामी कामगाराची वर्षातली सेवा, मग ती चार-पाच महिन्यांचीच का असेना, पेन्शनसाठी पूर्ण वर्ष धरायची असते. योजनेतच तसं आहे. पण कारखान्याकडून हंगामी म्हणून नीट दाखवलं गेलं नाही, की नुसते महिने मोजून माणूस दहा वर्षांत बसत नाही असं उत्तर येतं, आणि बिचारा १०-सी भरून मोकळा होतो. पंधरा-पंधरा हंगाम केलेला माणूस पेन्शनशिवाय घरी गेलेला मी पाहिलाय. गावात चौकशी केली तर अशी माणसं सापडतील. त्यांची प्रकरणं हातात घ्या, फी मिळो न मिळो. त्या गावांत तुमचं नाव ऊस तोडणाऱ्यापासून चेअरमनपर्यंत जाईल.

उदगीरचा_पोरगा

धन्यवाद दादा. आधीचं गेलं ते गेलं. आत्ताचं वर्ग करतो, मित्रांनाही पाठवतो हे.

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. माझं असं ठरतंय :

मालकांसाठी वर्षाचा करार, महिन्याची किमान फी अधिक माणशी दर. पहिल्या तिमाहीत झडतीचा तक्ता. महिन्यातून एक दिवस गेटवर टेबल. ग्रॅच्युइटीचा अंदाज दरवर्षी मार्चआधी. सरकारी निवृत्तांसाठी सेवापुस्तक तपासणी ठरावीक फीवर, छपन्नाव्या वर्षापासून; त्यांना कुठलंही उत्पादन विकायचं नाही. एनपीएस पीओपीमार्फत, पण जो वाटा मिळेल तो मालकाला लेखी सांगून. म्युच्युअल फंडाचं काम स्वतः न करता वर्षाताईंसारख्या कुणाकडं पाठवणार, त्याचं काही घेणार नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं फुकट शिबिर, तोंडवळ्याच्या पडताळणीनं, म्हणजे ठसे न उमटणाऱ्या आज्ज्यांचंही होईल.

करारात काही राहिलं असेल तर सांगा.

निवृत्त_कोषागार (परभणी)

शिबिर एका महिन्यापुरते ठेवू नका. कोषागाराच्या पेन्शनरला नोव्हेंबर, पण ईपीएसवाल्याचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो आणि कधीही देता येतो. त्यांना ज्या महिन्यात संपतो त्या महिन्यात आठवण करा. नाहीतर एक दिवस पेन्शन थांबते आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याला कारण कळत नाही.

वाळूजकर

करारात तीन ओळी वाढवा.

एक, मालकाची डिजिटल सही आणि पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडं राहणार असेल तर त्याचं लेखी पत्र, आणि करार संपला की सात दिवसांत परत. जमलं तर सही त्याच्याकडंच ठेवा. कामगारांचे आधार-पॅन व्हॉट्सअपच्या ग्रुपवर मागवू नका. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते बरोबर नव्हतं.

दोन, चलनाची माहिती मालकाकडून कोणत्या तारखेपर्यंत यायला पाहिजे ते लिहा. मी दहा तारीख लिहितो. माहिती बारा तारखेला आली आणि पंधरा चुकली, तर दोष कुणाचा यावरून संबंध तुटतात.

तीन, नोकरी सोडून गेलेल्या कामगाराचं काम किती काळ करणार ते. मी दोन वर्षं लिहितो, त्याच फीत. कारण माणूस निघून गेल्यावरच क्लेमला येतो, आणि तेव्हा मालक म्हणतो तो आता माझा नाही. ही ओळ वाचून एखादा मालक कटकट करेल, तरी काढू नका.

रीरोलिंग_जालना

तिसरी ओळ मला चालेल. लातूरहून जालना लांब पडतं, पण गेटवर टेबल टाकणार असाल तर मेसेज करा.